मिस्त्रींचं घड्याळ

पेठ वडगावात एक मिस्त्री होते. मोटारसायकल बंद पडली की लोक ती ढकलत त्यांच्याच दारात आणत. सोमवारी तर रांग लागे. बाजाराला आलेला माणूस गाडी त्यांच्याकडे टाकायचा आणि जनावरं बघायला जायचा. मिस्त्री येईल त्याला एकच सांगत, "गाडी नुसती लावून ठेवू नका. उभ्या गाडीचा कार्बोरेटर चोंदतोय, बॅटरी उतरतीया. रोज एक चक्कर मारायचीच."

त्यांना एकच हौस होती, भारी घड्याळाची. वडिलांच्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' होतं. १९६१ साली बंगळूरला एचएमटीने घड्याळं करायला घेतली, त्या पहिल्या पिढीतलं हे नाव. वडील रोज सकाळी चहाआधी त्याला चावी देत. पोराच्या मनात तेव्हापासून ठाण मांडून बसलं होतं की आपण याहून भारी घ्यायचं.

भिशी लागली, थोडी भर घातली आणि मिस्त्री कोल्हापूरहून स्विस टिसो घेऊन आले. ना बॅटरी, ना रोजची चावी. पाठीला काच, तिच्यातून आतलं सगळं यंत्र दिसायचं. हात हलला की अर्धगोल वजनदार पट्टी फिरते, ती स्प्रिंग गुंडाळते. पूर्ण भरली की ८० तास चालते. दुकानदाराने हे नीट समजावून सांगितलं होतं, पण त्या वेळी मिस्त्रींचा सगळा जीव बिलात अडकलेला.

घरी आल्यावर घड्याळ देवापुढं ठेवलं. बायको कुंकू लावायला गेली तर मिस्त्री ओरडले, "काचंला नको!" मग ते डबीसकट कपाटात गेलं, बायकोच्या पैठणीच्या घडीखाली. गॅरेजात ग्रीस, पेट्रोल. एखादा पाना निसटून बसला म्हणजे? पाहुणा आला की डबी बाहेर यायची, झाकण उघडायचं, किंमत सांगून व्हायची आणि झाकण बंद. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही त्या घड्याळाची किंमत पाठ झाली. त्यात किती वाजलेत, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

भाचीचं लग्न निघालं. मुहूर्त संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांचा. मिस्त्रींनी घाईघाईने डबी उघडून घड्याळ चढवलं. मागे कधीतरी पाहुण्याला दाखवल्यानंतर ते थांबलेलं, पण काटे योगायोगाने खऱ्या वेळेच्या वीसच मिनिटं मागे उभे होते. हात हलताच सेकंदकाटा पळू लागला. कुणाला शंका येणार? कार्यालयात भटजींनी हाक दिली, "मामा, मुलीला आणा!" मामांनी बाही सारली आणि ऐटीत सांगितलं, "अजून वीस मिनिटं हायत. पोरीला जरा पाणी पिऊ द्या." भटजींनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. भाचीला अक्षरशः पळवत आणावं लागलं. पंगतीत बुंदीपेक्षा मामांच्या घड्याळाचीच चव लोकांना जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तणतणत घड्याळजीकडे गेले. म्हातारा टपरीवजा दुकानात भिंग लावून बसलेला.

"काका, फसवलं बघा मला. एवढं पैसं घालून थांबतंय."

काकांनी घड्याळ पालथं केलं, हलवलं, कानाला लावलं. तारखेच्या खिडकीत डोकावले आणि हसले. "घालता किती दिवसांनी?"

"सणासुदीला. लग्नकार्याला."

"माझी लूना तुमच्याकडं आणली व्हती, ध्यानात हाय? पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठिवलेली. तवा मला काय म्हणाला व्हता?"

मिस्त्री गप्प.

"शंभर रुपयं घेतलं व्हतं आणि वर उपदेश. आता माझंबी तेच. ह्याची चावी म्हंजे तुमचा हात. वापराल तर चालंल, झाकून ठेवाल तर बंद पडंल. काढा शंभर."

मिस्त्रींनी मुकाट्याने नोट काढली. काकांनी ती घेतली, हे सांगायलाच हवं. शहाणपण फुकट द्यायची पद्धत वडगावच्या पेठेत नाही.

त्या दिवसापासून घड्याळ हातावर आलं. इंजिन खोलताना ते काढून फळीवर ठेवायचं, हात धुतले की पुन्हा चढवायचं. पहिल्या आठवड्यातच कडेला ओरखडा उठला. मिस्त्री त्या रात्री नीट जेवले नाहीत. दुसरा उठला तेव्हा त्यांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला. तिसरा बायकोने दाखवला. मधेच काम थांबवून, घड्याळ उलटं करून ती पट्टी फिरताना बघत बसायची सवयही त्यांना लागली. गिऱ्हाईक खोळंबायचं, पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं की बोलायला कुणी धजत नसे.

पुढे एका सोमवारी भादोल्याकडचा एक शेतकरी गाडी घ्यायला आला. त्याची नजर मनगटावर गेली.

"कितीचं हो मिस्त्री?"

"साडेचार," मिस्त्री म्हणाले. "पाचला या, गाडी तयार असंल."