छंदासाठी टाकलेला गळ



पुढील प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. दोन मित्र सुटीच्या दिवशी एका विस्तीर्ण सरोवरावर जातात, नाव भाड्याने घेतात, दिवसभर गळ टाकून बसतात. सायंकाळी एक मोठा मासा लागतो. त्याचे वजन होते, छायाचित्र घेतले जाते आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडण्यात येते. कोणाचे काही चोरले नाही, कोणाला फसवले नाही, मासा मारलाही नाही. मग यात धर्माने लक्ष घालावे असे काय आहे? परंतु ज्याचा हिशेब द्यावयाचा नाही असा एकही तास ईमानधारकाच्या आयुष्यात नसतो. करमणुकीचा तासही त्यातून सुटत नाही. म्हणून हा प्रश्न आपण शांतपणे तपासून पाहू.

उदाहरण म्हणून स्कॉटलंडमधील लॉख लोमंड हे सरोवर घेऊ. ग्लासगो शहराच्या वायव्येस असलेले हे जलाशय सुमारे ७१ चौरस किलोमीटर पसरलेले असून ग्रेट ब्रिटन बेटावर क्षेत्रफळाने याहून मोठे सरोवर नाही. येथे पाइक नावाचा शिकारी मासा आढळतो. मराठीतील ‘पाईक’ म्हणजे सेवक. त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि आत वळलेले तीक्ष्ण दात असलेला हा मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य जवळ येताच बाणासारखा झेपावतो. त्याची मादी नराहून मोठी होते आणि एक मीटरहूनही अधिक लांब वाढू शकते. त्याच्याशी झुंज घेण्याची हौस युरोपात फार जुनी आहे. कोकणातून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील एखाद्या तरुणाला सहकाऱ्याकडून अशा सहलीचे निमंत्रण आले, तर त्याने काय करावे?

अनुमती कशाची आहे?

प्रथम हे स्पष्ट असावे की, मासेमारी ही इस्लामने वैध ठरविलेली गोष्ट आहे. सूरह मायदाच्या ९६ व्या आयतीनुसार इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार निषिद्ध असली, तरी पाण्यातील शिकार तेव्हाही वैध राहते. इतर प्राण्यांसाठी जबीहची जी अट आहे, ती माशाला लागू नाही. ही अल्लाहची मोठी सवलत आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील दालदी समाजाने पिढ्यान्पिढ्या याच सवलतीच्या आधारे घाम गाळून हलाल रोजी मिळविली आहे.

पण ती आयत नीट वाचा. पाण्यातील शिकार वैध करताना कुरआन तिचे कारणही सांगतो. ती तुमच्या आणि प्रवाशांच्या लाभासाठी, म्हणजे अन्नासाठी आहे. सवलत निर्वाहासाठी दिलेली आहे. तीच सवलत केवळ खेळासाठी वापरली, तर ती तशीच लागू राहते काय, हा खरा प्रश्न आहे.

विरंगुळा निषिद्ध नाही, हेही तितकेच खरे. घरी गेल्यावर आपली ईमानी अवस्था टिकत नाही, म्हणून आपण दांभिक झालो की काय, अशी भीती आदरणीय हन्जला (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे व्यक्त केली होती. तेव्हा प्रेषितांनी त्यांना धीर दिला आणि मनाच्या अवस्थेला वेळोवेळी बदल असतोच, असे समजावले. सरोवराचा गारवा, डोंगरांची सावली, मित्राचा सहवास यांत दोष नाही. उलट सृष्टीकडे पाहून निर्मिकाची आठवण व्हावी, असे कुरआन वारंवार सुचवितो. दोष असलाच तर तो गळाच्या टोकाशी शोधावा लागेल.

सोडून दिले म्हणजे झाले काय?

“आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो,” हे या छंदाचे सर्वांत मोठे समर्थन आहे. ऐकताना त्यात दया दिसते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. आमिषाला बहुधा तीन आकड्यांचा गळ जोडलेला असतो. पाइकच्या दातांनी दोरा तुटू नये म्हणून टोकाला तार लावतात. मासा झेपावतो, आकडे जबड्यात रुततात आणि मग तो थकून शरण येईपर्यंत त्याला खेळविले जाते. त्यानंतर त्याला पाण्याबाहेर काढून लांब चिमट्याने आकडे सोडवितात. गळ खोल गिळला गेला असेल, तर आतील इजा गंभीर होते. उन्हाळ्यात पाणी कोमट झालेले असते, त्यात प्राणवायू कमी असतो. अशा वेळी दमलेला मासा सोडल्यावरही दगावू शकतो. जाणते लोक यासाठी ओली चटई वापरतात, मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवतात. ही काळजी प्रशंसनीय आहे. पण ज्या दुखण्यावर ही काळजी घेतली जाते, ते दुखणे आपणच हौसेने निर्माण केलेले असते.

माशाला वेदना होते काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखविले. काही अभ्यासक मात्र, अशी जाणीव म्हणजे मनुष्याच्या अर्थाने वेदना नव्हे, असे म्हणतात. श्रद्धावंताने हा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याला वेदना होत असण्याची वाजवी शक्यता आहे, त्याला विनाकारण त्रास न देणे हीच सावधगिरी आहे.

या बाबतीत प्रेषितांची शिकवण अनेक हदीसींतून समोर येते. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यास त्यांनी मनाई केली. काही तरुणांनी कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरल्याचे पाहून आदरणीय इब्ने उमर (रजि.) यांनी याच मनाईची आठवण करून दिली होती. नसाई यांच्या संग्रहातील एका हदीसीनुसार विनाकारण मारलेली चिमणी अंतिम न्यायाच्या दिवशी अल्लाहपुढे तक्रार मांडील. तक्रार अशी की, मला मारले ते काही लाभासाठी नव्हे. चिमणी खाण्यासाठी मारली असती, तर ही तक्रार नव्हती. म्हणजेच दोन कृत्यांतील फरक प्राण्याच्या मृत्यूने ठरत नाही, तर हेतूने ठरतो. मग वाचकहो, भुकेसाठी मारलेल्या माशापेक्षा गंमत म्हणून छळलेला आणि सोडलेला मासा आपल्याविरुद्ध अधिक बोलणार नाही काय?

येथे एक भेद मात्र जपला पाहिजे. खाण्यासाठी गळ टाकला, पण लागलेला मासा फार लहान निघाला, किंवा कायद्याने न मारण्याजोगा मोठा निघाला, तर त्याला हळुवारपणे सोडणे ही दया आहे. आयर्लंडमध्ये २००६ च्या नियमानुसार एका व्यक्तीला दिवसाला एकच पाइक घेता येतो आणि ५० सेंटिमीटरहून लांब पाइक मारता येत नाही, कारण मोठ्या माद्यांवर पुढची पिढी अवलंबून असते. तेथे मोठा मासा सोडणारा मनुष्य नियम पाळतो आणि सृष्टीचे हितही पाहतो. परंतु सोडण्याच्याच उद्देशाने पकडणे ही निराळी गोष्ट आहे. स्वित्झर्लंडने अशा इराद्याने मासे पकडण्यास कायद्यानेच मनाई केली आहे. कर्मांचे मूल्य हेतूंवर अवलंबून असते, हे आपण बालपणापासून शिकत आलो. आपल्या हौसेला ते लागू करण्याचे धैर्य आपण दाखवू काय?

एका सरोवराची साक्ष

हौस निरुपद्रवी असते, असे मानणाऱ्यांसाठी लॉख लोमंडच्याच पाण्यात एक धडा आहे. या सरोवरात पोवन नावाचा रुपेरी मासा राहतो. स्कॉटलंडमध्ये तो निसर्गतः लॉख लोमंड आणि लॉख एक या दोनच सरोवरांत आढळतो. हिमयुगानंतर तो तेथे स्थिरावला. १९८२ मध्ये लॉख लोमंडमध्ये प्रथमच रफ नावाचा परका छोटा मासा सापडला. पाइक पकडण्यासाठी जिवंत आमिष म्हणून लोकांनी बाहेरून आणलेल्या माशांतून तो येथे आला असावा, असे अभ्यासक मानतात. रफची संख्या झपाट्याने वाढली आणि तो पोवनची अंडी खाऊ लागला. अखेर खबरदारी म्हणून पोवनची काही पिल्ले दुसऱ्या जलाशयांत नेऊन वाढवावी लागली. आज स्कॉटलंडमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे; पण आलेला रफ परत जात नाही.

ज्यांनी उरलेले आमिष बादलीतून पाण्यात ओतले, त्यांच्या मनात विध्वंस नव्हता. त्यांना केवळ दिवस चांगला घालवायचा होता. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत जमिनीवर आणि पाण्यात माजलेल्या बिघाडाचे मूळ माणसांच्या हातांच्या कमाईत दाखविले आहे. ती कमाई नेहमी लोभाची किंवा युद्धाची असते असे नाही. कधी ती बेफिकीर सुटीचीही असते. शिकारीमागे लागणारा गाफील होतो, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी नोंदविली आहे. गाफील मनुष्याची नमाजची वेळ निघून जाते, घरच्यांचा हक्क राहून जातो आणि आपल्या हातून पाण्यात काय पडले, हेही त्याला कळत नाही.

मित्राला काय सांगावे?

आता निमंत्रण देणाऱ्या मित्राकडे वळू. मनुष्य आपल्या मित्राच्या वळणावर जातो, म्हणून मित्र पारखून करावा, ही प्रेषितांची शिकवण आहे. ती ऐकून मैत्री तोडण्याची घाई करू नका. तुमचे वळणही मित्राला लागू शकते. मात्र नाव सरोवराच्या मध्यावर असताना उपदेश सुरू करणे ही हिकमत नव्हे. निघण्यापूर्वी घरी बसून, प्रेमाने बोलावे.

मित्र कदाचित दोन आक्षेप घेईल. पहिला असा की, पाण्याचे रक्षण व्हावे यासाठी भांडणारे पुष्कळदा गळ टाकणारेच असतात. हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावे. पण रक्षणाचे पुण्य छळाची परवानगी होत नाही. ते काम गळाविनाही करता येते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. “तू दर आठवड्याला कोंबडी खातोस, ती कशी वाढविली, कशी कापली, हे कधी विचारलेस?” या प्रश्नापुढे आपण मान खाली घालणेच योग्य. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान बंधनकारक केले आहे. सुरी धारदार असावी, प्राण्याला क्लेश कमी व्हावेत, ही आज्ञा सहीह मुस्लिममध्ये आहे. दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतील पक्ष्यांविषयी मौन पाळणाऱ्याला पाइकविषयी बोलण्याचा फारसा अधिकार उरत नाही. मित्राला सुधारण्यास निघालेल्याने प्रथम आपले ताट तपासावे.

मग सहल रद्दच करावी काय? तसे मुळीच नाही. मित्राला सांगा: आपण खाण्यासाठी जाऊ. तेथील नियमांत बसेल तेवढेच घेऊ, पुरेसे मिळाले की गळ गुंडाळू. माशाला जबीहची अट नसली, तरी त्याला नावेच्या तळाशी तडफडत ठेवणे एहसानमध्ये बसत नाही. म्हणून त्याला तत्काळ मारू आणि दोन्ही घरांत मिळून खाऊ. पाइकच्या मांसात काटे पुष्कळ, पण चव चांगली असते. ज्या पाण्यात मासा घेण्याची परवानगीच नाही, तेथे गळ घरी ठेवून नुसती नाव वल्हवू. मित्र खरा असेल, तर त्याला तुमची सोबत हवी असेल. आणि त्याला सोबतीपेक्षा छायाचित्र अधिक हवे असेल, तर तेही तुम्हाला वेळीच कळेल.

फतवा देणे हा या लेखाचा उद्देश नाही; ते अधिकारी विद्वानांचे काम आहे. सूरह अन्आमच्या ३८ व्या आयतीत पृथ्वीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सांगून मनुष्याच्या अहंकाराला आवर घातला आहे. पाण्याखालचे आयुष्य आपल्याला दिसत नाही आणि माशाला ओरडता येत नाही. ज्याचा आवाज आपल्या कानी येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या ईशभयाची परीक्षा होते. अल्लाह आपणा सर्वांना हाताखालच्या प्रत्येक जिवाशी एहसानने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.