बिनरजेची गैरहजेरी

‘नवरा फौजेत आहे’ असं सांगितलं की शहापुरात काय आणि मुरबाडात काय, पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन दिवाळ्या आला नाही? सीमेवर असेल. फोन उचलत नाही? रेंज नसेल. हाच नवरा ठाण्याच्या कंपनीत असता, तर भावकीतल्या चौघांनी एव्हाना कसारा लोकल धरून त्याला गाठलं असतं. वर्दीपुढे भावकी गप्प होते. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखी घरोघर फौजी असलेली गावं इकडे नाहीत. त्यामुळे ‘युनिटला अर्ज टाक’ असं सांगणारा माजी सुभेदारही आळीत सहसा सापडत नाही.

जवानाचं दूर असणं हा काही गुन्हा नव्हे. बदलीचा हुकूम आला की त्याला जावंच लागतं. मग नोकरीपायी दूर राहणं आणि बायकोला टाकणं यांतला फरक ओळखायचा कसा? बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती या मुंबई प्रांतातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली याचा उलगडा केला. नुसतं वेगळं राहणं पुरेसं नाही, संसार कायमचा मोडण्याचा हेतूही दिसला पाहिजे. त्या खटल्यात नवऱ्याचाच दावा फेटाळला गेला. मुंबई प्रांताच्या १९४७च्या कायद्यात त्यागासाठी चार वर्षांची अट होती, आजच्या हिंदू विवाह कायद्यात ती दोन वर्षांची आहे. पत्नीकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणं हेसुद्धा या कायद्याने त्यागातच धरलं आहे.

माझ्या मते जवानाच्या बाबतीत हा हेतू पैशातून कळतो. त्याचं शरीर कुठे असावं हे सरकार ठरवतं, पण पगार कुणाच्या खात्यात जावा हे तोच ठरवतो. अशा बाईचं पासबुक उघडून बघावं. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली एक जमा, पुढे ती निम्मी, मग नुसतं तीन-तीन महिन्यांचं व्याज. चौकशी केली तर पैसे सासऱ्यांच्या खात्यात जात असतात आणि सासरे म्हणतात, ‘नांदायला ये, मग बघू.’ ‘तीच माहेरी जाऊन बसली’ या आरोपाला त्या पासबुकाइतकं सडेतोड उत्तर दुसरं नाही.

लष्कराचा कायदा इथे चमत्कारिक वाटतो. १९५०च्या आर्मी ॲक्टच्या कलम २८ प्रमाणे दिवाणी न्यायालयाला जवानाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. वकिलाने हे सांगितलं की बाई खचते. पण त्याच कायद्यातल्या कलम ९० नुसार अधिकाऱ्याच्या आणि ९१ नुसार जवानाच्या पगारातून बायकामुलांच्या पोटगीची रक्कम लष्कर स्वतः कापू शकतं. २००१च्या लष्करी आदेशात पत्नीसाठी २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के आणि एकूण ३३ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे न्यायालयाला पगारापासून लांब ठेवताना सरकारने जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आहे. कमांडिंग ऑफिसरला लिहिलेल्या अर्जात ‘कृपा करून’ किती वेळा लिहायचं याची चिंता करू नये. ती मेहेरबानी नव्हे, देणं आहे.

अडचण असते ती पत्त्याची. पाकिटावर ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ एवढंच. लष्करी टपालाच्या या पत्त्यावरून माणूस नेमका कुठे आहे, काही कळत नाही. त्याचा आर्मी नंबर आणि युनिटचं नाव मात्र हवंच. लग्नानंतर पहिल्या रजेत काढलेल्या कँटीन कार्डाच्या झेरॉक्स ज्या मुलीने जपून ठेवल्या, तिची निम्मी लढाई तिथेच झाली. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जवानाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावलं जातं, म्हणजे ‘तो सापडत नाही’ ही सबब फार टिकू नये. युद्धकाळात किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्याला मात्र १९२५च्या कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या माघारी खटला पुढे रेटता येत नाही. ते न्याय्यच आहे. फक्त तो अशा सेवेवर असल्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याने द्यायचं असतं, सासूने नव्हे.

पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे, जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. बाई राहते तिथेच तो करता येतो. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तालुका विधी सेवा समितीच्या दारापर्यंत न पोचलेल्या कितीजणींना ठाऊक असेल? माळशेजच्या पलीकडे संगमनेरात निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना एकत्र आणून त्यांचा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. आमच्या बाजूला अजूनही ‘घरातली गोष्ट घरात’ हेच चालतं.

आणि घटस्फोट? तो मागण्याआधी बाई हिशेब करते, तिने करावाच. काडीमोड झाला की कँटीन कार्ड, लष्करी दवाखाना आणि उद्याचं कुटुंब निवृत्तिवेतन यांवर पाणी सोडावं लागतं. म्हणून कित्येकजणी नुसत्या नावापुरत्या बायको राहतात. त्यांना भित्र्या म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचा महिन्याचा खर्च मांडून बघावा. ज्यांना सुटायचंच आहे, त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्यात फारसा चर्चेत नसलेला एक मार्ग आहे. पोटगीचा आदेश झाल्यावर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर तेवढ्यावर पत्नी घटस्फोट मागू शकते. आधी पोटगी, मग सुटका, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. घटस्फोटानंतरही, पुनर्विवाह होईपर्यंत, कलम १४४ तिच्यासाठी खुलं राहतं.

वेळ मात्र दवडू नये. थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. शिवाय साधा शिपाई चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो, आणि मग पगारातून पैसे कापायला लावणारा कमांडिंग ऑफिसरच उरत नाही.