शिवण बाहेरच्या बाजूला

एक जुनं सुती कापड घ्या. आईचं विरलेलं लुगडं असेल, आजोबांचं धोतर असेल, वर्षानुवर्षं धुतलेली चादरही चालेल. ते मांडीवर ठेवा आणि त्यावरून सावकाश तळहात फिरवा. मऊ लागलं? तेवढ्यावर विसंबू नका. आपले तळहात कामाने राठ झालेले असतात. कापड गालाला लावा, मग मनगटाच्या आतल्या बाजूला. किंचित जरी टोचलं, तरी ती जागा सोडा आणि पुढचा भाग बघा.

ज्याच्यासाठी हे चाललं आहे, त्याला बोलता येत नाही. टोचलं तर बाळ रडेल. पण भुकेनेही ते तसंच रडतं आणि पोट दुखलं तरी तसंच. म्हणून त्याच्या कातडीने आधी आपण कापड अनुभवायचं. बारशापर्यंत बाळाला जुन्याच कापडात ठेवायची आपल्याकडची रीत मला यासाठी फार शहाणी वाटते. नव्या कापडातली खळ आणि रंगाचा कडकपणा जुन्यातून धुऊन धुऊन निघून गेलेला असतो. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि एवढीशी गोधडी घरातल्या बायका दुपारी मिळून शिवत. त्यातलं निम्मं कापड कुणाच्या ना कुणाच्या अंगावर राहून आलेलं असे.

आता मनाने डहाणू तालुक्यातल्या गंजाडला या. कुडाच्या घराच्या ओटीवर बसा. गंजाडचं नाव निघालं की तिथला कळंबीपाडा आठवतो आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आठवतात. घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणं हे बायकांचं काम. म्हसे यांनी ती रेघ कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोहोचवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. लहानपणी आई वारल्यावर त्यांचं बोलणं बंद झालं होतं आणि ते मातीत चित्रं काढून सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. यावर थोडं थांबा. मुलाला काही सांगायचं असतं, तेव्हा ते हाताशी असेल तेच घेतं. तिथे हाताशी माती होती.

शेताच्या बांधावर झाडाच्या फांदीला बांधलेली झोळी डोळ्यांपुढे आणा. आई चिखलात वाकून भाताची लावणी करते आहे, झोळीत मूल निजलं आहे. त्या कापडाला एकही टाका नाही. दोन गाठी, आणि बाकी सगळा आकार मुलाच्या वजनाने आलेला. शिवायला बसण्यापूर्वी ही झोळी नीट पाहून घ्यावी. मूल आत शिरलं की कापडाने वळायचं असतं, मुलाने नाही.

आता झबल्यासाठी कापड उभं दुमडा. पुन्हा आडवं दुमडा. दोन्ही घड्या जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात गळा कापायचा आणि उघड्या बाजूला काखेचा वळसा. बाही आणि अंग एकसंध निघतं, खांद्यावर शिवण येत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या सुमारे चौथाई असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठव्या भागाएवढं. एवढं मोठं डोकं आणि अजून न सावरलेली मान बारक्या गळ्यातून ओढून काढायची नाही. झबलं पुढून पूर्ण उघडू द्या आणि बाजूला आखूड नाड्या लावा. गळ्यापाशी लांब नाडी नकोच, बटणही नको.

आता सुई. धावदोरा घाला. सुई खाली जाते तेव्हा श्वास सोडा, वर येते तेव्हा घ्या. टाके लहान ठेवा, दोरा ओढू नका; ओढला की कापड चुण्या घेतं आणि ती चुणी बाळाच्या काखेत येते. म्हसे यांनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना बारीक पांढऱ्या रेघांनी भरलेली ती जागा आठवेल. धावदोरा तसाच चालतो, एक छोटी रेघ, मग तेवढीच मोकळी जागा. मन भरकटलं तर टाका मोठा पडतो. तो उसवा आणि पुन्हा घाला.

शिवण पुरी झाली की आपला हात सवयीने कपडा उलटवायला जातो. कच्च्या कडा आत दडवायच्या आणि गुळगुळीत बाजू लोकांना दाखवायची, हेच आपण शिकलो आहोत. इथे हात आवरा. तान्ह्याचं झबलं आहे. कडा बाहेर राहू द्या. गुळगुळीत बाजू बाळाच्या पाठीला. बारशाला आलेल्या कुणाला ते उलटं घातल्यासारखं वाटेल, वाटू द्या. लहान मुलीसाठी जाळीचा, चमकीचा फ्रॉक घेताना तो दुकानातच उलटा करून आतून हात फिरवावा, असं मला कळवळून सांगावंसं वाटतं. आतल्या टोकदार शिवणी तिने दिवसभर सोसायच्या असतात, चमकी मात्र आपण बघायची असते.

विणकामाचंही हेच. डहाणूची थंडी बेताची, समुद्र जवळ. दोन सुयांवर टोपडं विणायचं तर सुती दोरा घ्या, सुलट-उलट टाके सैल ठेवा. पायमोज्याच्या आत दोऱ्याची मोकळी टोकं सोडू नका, बोट अडकतं.

कपड्यांनंतर खेळणं. डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र 1945 साली बोर्डीत सुरू झालं आणि पुढे इथे आलं. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली आणि त्यांतून मोजणं, जुळवणं, ओळखणं शिकवलं. गरिबीवरची तडजोड म्हणून मी याकडे बघत नाही. चिंचोका हातात धरलेल्या मुलाला चिंचेचं झाड माहीत असतं. खेळणं त्याच्या जगातलंच असतं.

तेव्हा उरलेल्या चिंध्या टाकू नका. त्यांची बाहुली करा. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटतात, त्यातला कापूस भरा. त्यातल्या बिया निवडून काढा. हातपाय वेगळे शिवून अंगाला दुहेरी दोऱ्याने पक्के करा, कारण मूल बाहुलीला बहुतेक एकाच हाताने धरून ओढत नेतं. डोळ्यांना मणी किंवा बटण लावू नका, ते निघून तोंडात जातं. काळ्या दोऱ्याचे चार-पाच टाके एका जागी घाला, डोळा होतो. नाक आणि ओठ काढायची घाई नको. बाहुली हसते आहे की रुसली आहे, हे मूल रोज नव्याने ठरवील.

आणि ती धुता येईल अशी करा. चिखलात जाईल, झोळीत जाईल, भाताच्या पेजेत बुडेल. आठवड्याभरात एखादा हात निसटेलच. तेव्हा नवी बाहुली आणू नका. मुलाला शेजारी बसवा, त्याच्या देखत तोच हात त्याच जागी शिवा. दोरा त्याच रंगाचा नसला तरी चालेल.