वरताळा आणि पॉइंट

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. धर्मग्रामातील एक आजी जवळ आल्या, इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, दुसऱ्याचा फोन नंबर सांगून सामान घेतलं तर ते पाप होतं का?" प्रश्न ऐकून आम्हांला प्रथम हसू आले, पण आजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

हकीकत अशी होती. आमच्या वसईत आता ठिकठिकाणी मोठी सुपरमार्केटे झाली आहेत. त्यांपैकी एकात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आजी पाच किलो तांदूळ घ्यायला गेल्या. पिशवीखालच्या चिठ्ठीवर दोन भाव होते: एक मोठ्या लाल अक्षरांत, 'मेंबर'साठी, दुसरा लहान अक्षरांत, चाळीस रुपयांनी अधिक, बाकीच्यांसाठी. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला. घरात नोंदलेला नंबर सुनेचा, आणि सून त्या वेळी मुंबईला कामावर. संदेशातून आलेला आकडा सांगितल्याशिवाय भाव लागू होईना. रांग खोळंबली, मागून उसासे ऐकू येऊ लागले. तेव्हा मागचा एक तरुण पुढे होऊन म्हणाला, "आजी, माझा नंबर घाला, काय बिघडतं?" आजींचे चाळीस रुपये वाचले, तांदळाचे पॉइंट तरुणाच्या खात्यावर जमा झाले आणि रांग पुढे सरकली. आजी मात्र घरी येऊन अस्वस्थ झाल्या. जे आपण नाही ते आहोत असे सांगून आपण पैसे वाचवले, असे त्यांना वाटू लागले.

"पाप नाही आजी, निश्चिंत जा," असे आम्ही सांगून टाकले. पायऱ्यांवर उभे राहून असे निर्णय देण्याची आम्हां धर्मगुरूंना सवयच असते. पण दुपारी जेवताना त्या उत्तराने आमचीच पाठ धरली. आम्ही इतक्या झटपट निर्वाळा दिला, तो विचार करून दिला की रागाच्या भरात?

राग होता, हे कबूल केले पाहिजे. धर्मगुरुनिवासाचे किराणा सामान वर्षभर त्याच दुकानातून येत होते. धर्मशिक्षणाच्या मुलांची बिस्किटे, सणाच्या चहाची साखर, सारे एकाच नंबरावर लिहिले जाई. असे २,१०० पॉइंट जमले होते. चार पॉइंटांना एक रुपया या हिशेबाने सव्वापाचशे रुपये होत होते. त्यांतून एका गरजू कुटुंबाला धान्य द्यावे असे आमच्या मनात होते. काउंटरवर गेल्यावर कळले की पॉइंट वापरायचे तर नोंदलेल्या नंबरावर येणारा आकडा सांगावा लागतो. तो नंबर निवासातील जुन्या फोनचा. रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेला. नंबर बदलून द्या म्हटले तर त्यासाठीही जुन्याच नंबरावर आकडा यायचा होता! शिवाय त्यांतले अर्धेअधिक पॉइंट बारा महिने उलटल्यामुळे बाद झाले होते. त्याची सूचना दुकानाने वेळेवर पाठवली होती. अर्थात त्याच बंद नंबरावर. काउंटरवरील मुलगी बिचारी ओशाळून म्हणाली, "फादर, आमच्या हातात काहीच नसतं." ते खरेच होते. तिच्या हातात नव्हते, व्यवस्थापकाच्याही हातात नव्हते. कोणाच्या हातात आहे हे त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते.

सव्वापाचशे रुपयांनी आमचे काही अडत नव्हते. मग एवढी चीड कशाची? धर्मग्रामातील कुटुंबांत सहज विषय काढून पाहिला, तर प्रत्येक घरी अशीच एखादी कथा. कोणाचे पॉइंट बिलात धरायचे राहून गेले, कोणाला अमुक रकमेच्या वर खरेदी केल्याशिवाय ते वापरता येईनात, कोणी तर पॉइंट संपतील या भीतीने नको असलेल्या दोन वस्तू घेऊन आले. रक्कम सर्वांचीच क्षुल्लक, आणि चीड मात्र सर्वांचीच खरी. माणूस वीस रुपयांसाठी चिडत नाही. दिलेला शब्द फिरवला गेला असे वाटले म्हणजे तो चिडतो.

या योजनेला इंग्रजीत 'लॉयल्टी' म्हणतात, म्हणजे निष्ठा. हा शब्द आम्हांला खटकतो. वधूवर वेदीपुढे सुखदुःखात निष्ठेचे वचन देतात, ते दोघेही देतात आणि दोघांपैकी एकाला ते एकट्याने बदलता येत नाही. दुकानाच्या निष्ठेच्या कागदावर मात्र बारीक अक्षरांत लिहिलेले असते की या अटी पूर्वसूचनेशिवाय बदलता येतील. आज चार पॉइंटांचा रुपया, उद्या पाचांचा. निष्ठा गिऱ्हाइकाने ठेवायची आणि तिचे मोल दुसऱ्या बाजूने ठरवायचे, असा हा करार आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकांना देई, बायका घरी वहीत चिकटवीत आणि वही भरली की तिच्या मोबदल्यात एखादी वस्तू मिळे. त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: तिकिटाला नाव नसे. ते शेजारणीला देता येई. तिकीट देणाऱ्याला घेणारी कोण याची फारशी पर्वा नव्हती. ब्रिटनमध्ये टेस्कोने अशी तिकिटे १९७७ साली बंद केली आणि १९९५ साली क्लबकार्ड आणले, तेव्हा तिकिटाची जागा नावाने घेतली. क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या दांपत्याने त्या कार्डांवरील नोंदींचे विश्लेषण केले. आपल्या गिऱ्हाइकांविषयी आपल्याला तीस वर्षांत जे कळले नाही ते यांना तीन महिन्यांत कळले, अशा अर्थाचे उद्गार कंपनीचे अध्यक्ष इयन मॅकलॉरिन यांनी काढल्याचे प्रसिद्ध आहे. त्यानंतर २०१९ साली त्याच कंपनीने कार्डधारकांसाठी वेगळे भाव सुरू केले. आजींच्या तांदळाखाली जी दोन भावांची चिठ्ठी होती, ती याच जातकुळीची.

म्हणजे ते चाळीस रुपये बक्षीस नव्हते. ते एका विक्रीचे मोल होते. दुकान तांदूळ विकत होते आणि त्याच वेळी आजींकडून काहीतरी विकत घेत होते: त्या कोण, किती दिवसांनी येतात, तांदळाबरोबर काय नेतात. असा सौदा उघडपणे केला तर आमची तक्रार नाही. परंतु दोन सौदे एका चिठ्ठीवर मांडले म्हणजे दुसरा सौदा नाकारण्याची किंमत पहिल्यात भरावी लागते. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात, संमती मुक्त आणि विनाअट असावी, असे शब्द आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानेही, मोबाइल नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नये, असे दुकानदारांना कळवले होते. आजींना कोणी अडवले नव्हते हे खरे. 'नंबर देऊ नका, चाळीस रुपये द्या,' एवढेच होते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा खरेदीविक्रीवरील प्रश्न आम्ही पाठ केला होता. सुम्मा ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो ७७वा प्रश्न. त्या वेळी तो परीक्षेपुरता वाटला होता. आता पुन्हा काढून वाचला. तेराव्या शतकातील हा विद्वान म्हणतो की वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याला विशेष तोशीस लागत असेल, तर त्याने थोडे अधिक मागावे. परंतु विकणाऱ्याचे काही जात नसून केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्यावरून भाव वाढवू नये. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकू नये. आजींजवळ फोन नसणे ही आजींची परिस्थिती. दुकानाच्या तांदळात त्यामुळे एका दाण्याचा फरक पडत नाही.

हे आम्ही आमच्या एका हिशेबनीस मित्राला ऐकवले. हे गृहस्थ मिस्सेत वाचन करतात आणि वादही उत्तम करतात. ते म्हणाले, "फादर, तुम्ही उलटं धरलंत. मोठा भाव हाच खरा भाव. दोन्ही छापील कमाल किमतीच्या आतच आहेत. दुकानदार आपल्या खिशातून काहींना सूट देतो, तर इतरांनी का कुरकुरावं? द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यांना पूर्ण रोज दिला, तेव्हा कुरकुरणाऱ्यांची बाजू तुम्ही कधी प्रवचनात घेतली नाहीत!"

आम्ही निरुत्तर झालो, आणि थोडे लाजलोही. आमच्या चिडीत मत्सराचा अंश नव्हता असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. शिवाय दुकाने सरसकट फसवतात असेही नाही. ब्रिटनमधील स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे पन्नास हजार सवलतीच्या वस्तू तपासल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांतील ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरीच बचत होती असे आढळले. मुद्दाम भाव चढवून मग उतरवतात, हा आमचा जुना संशय निदान तेथे तरी बहुतांशी खोटा ठरला. त्याच अहवालात, स्मार्टफोन नसलेल्यांसारख्या गिऱ्हाइकांनाही या सवलती मिळाव्यात यासाठी दुकानांनी अधिक काही करावे, असेही म्हटले आहे.

आणि याच ठिकाणी आमच्या मित्राचा दाखला लंगडा पडतो, असे रात्री उशिरा आमच्या ध्यानात आले. (वादातील उत्तरे आम्हांला नेहमी रात्री उशिराच सुचतात.) मळ्याच्या धन्याने पदरचे दिले ते कोणाला? ज्यांना दिवसभर कोणी कामावर घेतले नाही, जे बाजारात ताटकळत उभे होते, त्यांना. येथे पदरचे मिळते ते ज्याच्या खिशात फोन आहे, फोनात पैसे आहेत आणि मागे इंग्रजी वाचणारे घर आहे, त्याला. बाजारात ताटकळत उभी राहते ती आजीच.

आमची आई आठवडी बाजारात वांगी, दुधी, वालाच्या शेंगा घेऊन बसत असे. माप पुरे झाले की तराजूत वर एक मूठ टाकायची. त्याला वरताळा म्हणत. लहानपणी आम्ही तिला विचारले होते की हे फुकट का देतेस? ती म्हणाली, "माप त्याचं, वरचं माझं." तिने कोणाचे नाव विचारले नाही, आणि पुढच्या बाजाराला या मग देते, असेही म्हटले नाही. आता आमची आई काही संत नव्हती. नव्या गिऱ्हाइकाला तिची मूठ किंचित मोठी होई, ते पुन्हा यावे म्हणून. आणि घासाघीस करणाऱ्याला ती रिकामीच परत फिरे. गावातला वाणीही काही पुण्यात्मा नव्हता. त्याच्या वहीत कोणाच्या घरी काय शिजते याची नोंद सुपरमार्केटच्या यंत्रापेक्षा कमी नव्हती आणि अनोळखी माणसाला तो उधार देत नसे. तेव्हा जुने ते सोने असे आम्ही म्हणणार नाही. पण आईच्या मुठीतले वांगे त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडे. ते वर्षाअखेर बाद होत नसे आणि ते मिळवण्यासाठी त्याला दुसरे काही द्यावे लागत नसे.

आजींच्या मूळ प्रश्नाकडे परत येऊ. काउंटरवरच्या मुलीला सर्व ठाऊक होते, तिनेच नंबर टिपला. म्हणजे कोणत्याही माणसाला फसवले गेले नाही. फसले ते यंत्र. त्या तरुणाच्या खात्यात एका वृद्धेचा तांदूळ लिहिला गेला आणि चाळीस रुपयांना दुकानाने जी माहिती विकत घेतली ती खोटी निघाली. खोट्या मालाबद्दल दुकानाला तक्रार करता येईल काय? कदाचित येईल. आजींनी काही चोरले नाही असे आम्ही अजूनही म्हणतो. पण "निश्चिंत जा" म्हणताना आम्ही ज्या सहजतेने दुकानाचा हिशेब धुडकावून लावला, ती सहजता आमच्या २,१०० पॉइंटांतून आली होती. दुसऱ्या रविवारी आम्ही आजींना तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग त्या पोराला पॉइंट मिळाले, ते त्याने ठेवावेत ना? त्याने मला मदत केली." ठेवावेत, असे आम्ही म्हणालो. त्याच्या मदतीलाही दुकानाने भाव लावला होता, हे मात्र आम्ही त्यांना बोललो नाही.

त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या शिक्षिका नव्या वर्षाची कार्डे छापायला परवानगी मागण्यासाठी आल्या. मुलांनी रविवारच्या मिस्सेला यावे म्हणून ही कार्डे आम्हीच सुरू केली होती. प्रत्येक मिस्सेला एक शिक्का, चाळीस शिक्के झाले की बक्षीस. गेल्या वर्षी एक मुलगा आजारी आईजवळ बसल्यामुळे सलग सहा रविवार आला नाही आणि चौतीस शिक्क्यांवर थांबला. बक्षीस समारंभात तो मागच्या बाकावर होता. आम्ही त्याला पाहिले होते; नियम आमचाच असल्यामुळे आम्ही काही केले नव्हते.

शिक्षिकांनी नमुना टेबलावर ठेवला. या वर्षी शिक्क्यांऐवजी चांदण्या आहेत. कार्ड सुंदर झाले आहे, मुलांना आवडेल यात शंका नाही; आणि त्याच्याशिवाय मुले येतील की नाही हे आम्हांला खरोखरच सांगता येत नाही. छापखान्याला शनिवारपर्यंत कळवायचे आहे. नमुना अजून टेबलावरच आहे.