विधीचे चित्र आणि कलादालन

विधीसाठी काढलेले चित्र घराच्या भिंतीवरून कलादालनात आले, की त्यातले देवत्व त्याच्याबरोबर येते की मागे राहते, हा प्रश्न भारतातल्या प्रादेशिक कलाकेंद्रांपुढे सर्वांत ठळकपणे उभा केला तो भोपाळच्या भारत भवनाने. हे केंद्र १३ फेब्रुवारी १९८२ रोजी सुरू झाले. चार्ल्स कोरिया यांनी त्याची वास्तू मोठ्या तलावाकाठच्या उतारात बसवली आहे. गच्च्या आणि पायऱ्या उतरत माणूस दालनांपर्यंत पोहोचतो. तिथल्या ‘रूपंकर’ या दृश्यकला संग्रहालयाची सूत्रे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी कलाविद्यार्थ्यांचे गट खेड्यापाड्यांत धाडले, आदिवासींची चित्रे आणि शिल्पे गोळा केली आणि शहरी चित्रकारांच्या कामाबरोबर ती एकाच वास्तूत मांडली. आज हयात असलेल्या माणसाने आज काढलेले चित्र समकालीनच, मग ते काढणारा मुंबईत शिकलेला असो वा झाबुआच्या पाड्यावर वाढलेला, ही त्यामागची भूमिका होती.

या भूमिकेला मोठा तात्त्विक विरोध आधीच मांडला गेला होता. बोस्टनच्या संग्रहालयात काम करणारे आनंद कुमारस्वामी यांचे म्हणणे असे, की संग्रहालयातल्या वस्तू मुळात वापरासाठी घडवलेल्या असतात. मूर्ती पूजेसाठी असते आणि घट पाण्यासाठी; निव्वळ पाहण्यासाठी त्यांना काचेमागे ठेवणे म्हणजे त्यांचे प्रयोजन काढून घेणे. हा आक्षेप गंभीर आहे. विधी उरलेला नाही, भक्त उरलेला नाही, फक्त आकार उरला आहे, अशा वस्तूंनी जगभरची संग्रहालये भरलेली आहेत आणि त्यातल्या कित्येक वस्तू मालकांच्या संमतीशिवाय तिथे पोहोचल्या आहेत.

मात्र देवत्व वस्तूच्या द्रव्याला कायमचे चिकटलेले असते, असे भारतीय पूजापरंपरा मानत नाही. पार्थिव गणपती शाडूचा असतो. प्राणप्रतिष्ठेने तो पूज्य होतो आणि उत्तरपूजेनंतर तीच माती पाण्यात सोडली जाते. देवळाच्या जीर्णोद्धारात मूर्तीतले तत्त्व कलशात आवाहन करून घेतात आणि काम झाल्यावर पुन्हा मूर्तीत आणतात. बोलावल्यावर देव येतो आणि निरोप दिल्यावर जातो. हे मान्य केले तर कलादालनातल्या चित्रात देव नाही म्हणून हळहळण्याचे कारण उरत नाही, कारण तिथे त्याला कोणी बोलावलेलेच नसते. तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. आवाहन आणि विसर्जन या दोन्हींचा अधिकार कोणाकडे आहे, हे ठरवावे लागतेच.

पिठोऱ्याच्या चित्रात हा अधिकार स्पष्ट दिसतो. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या सीमेवरच्या भिल्ल, भिलाला व राठवा समाजात संकट टळावे म्हणून पिठोरा देवाला नवस बोलतात आणि तो फेडताना घराच्या भिंतीवर देवाचे घोडे काढवून घेतात. राठव्यांच्या घरी भिंत आधी शेणमातीने लिंपली जाते. तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात देण्याचे काम अविवाहित मुलींचे. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. चित्रकार घोडे, सूर्य, चंद्र, शेत, विहीर असे सारे जग त्या चौकटीत उभे करतो. पण रंग सुकले म्हणून चित्र पुरे होत नाही. अंगात आलेला बडवा, म्हणजे समाजाचा पुजारी, प्रत्येक आकृती तपासतो. काही राहिले असेल तर ते काढवून घेतो. चित्र ‘झाले’ हा निर्णय त्याचा असतो, चित्रकाराचा नव्हे. भारत भवनात पेमा फत्या यांच्यासारख्या कसलेल्या पिठोरा चित्रकाराने कागदावर घोडे काढले तेव्हा हात तोच होता, पण नवस नव्हता, यजमान नव्हता, बडवा नव्हता. ते पिठोऱ्याच्या हाताचे चित्र होते, पिठोरा नव्हता. हा फरक दालनात लावलेल्या चिठ्ठीवर लिहायलाच हवा, आणि बहुतेक ठिकाणी तो लिहिला जात नाही.

याच केंद्राच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या, झाबुआतल्या पिटोलच्या भूरीबाईंना स्वामीनाथन यांनी चित्र काढायला सांगितले. पिठोऱ्याचे घोडे काढणे परंपरेने पुरुषांचे काम. भूरीबाईंनी आपल्या चित्रांत झाडे, प्राणी, घरे, गावातले रोजचे जीवन आणले. विधीबाहेरच्या या जागेत एका बाईला चित्रकार म्हणून स्वतःचे नाव मिळाले. पवित्र जागेत जे शक्य नव्हते ते या लौकिक जागेत झाले, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

जनगढ सिंह श्याम यांचे उदाहरण सर्वांत विचार करायला लावणारे आहे, कारण तिथे प्रश्नाची दिशाच उलटते. पाटनगढ गावचा हा तरुण परधान समाजातला. परधान हे गोंडांचे गायक. ‘बाना’ हे तंतुवाद्य वाजवून ते बडा देवाच्या आणि गोंड कुळांच्या कथा गात. गोंडांच्या देवांना ठरलेला चेहरा नव्हता. ते साजाच्या झाडात, दगडात आणि गाण्यात होते. भारत भवनात आल्यावर जनगढांनी त्यांना रंग, ठिपके आणि रेषांत रूप दिले. म्हणजे इथे पूजेतला देव उचलून दालनात आणलेला नाही; गायलेल्या देवाला चित्रातले रूप मिळाले ते दालनाच्या आश्रयाने. यजमानांचा आधार आटला तशी परधानांची गाणी थांबत गेली आणि तेच संगीत चित्रात उतरले, असे हिंदी लेखक उदयन वाजपेयी यांनी म्हटले आहे; या शैलीला ‘जनगढ कलम’ हे नावही त्यांनीच दिले. पुढे गावातले कितीतरी नातेवाईक भोपाळला येऊन याच वाटेने चित्रकार झाले. २००१ मध्ये जपानमधल्या मिथिला संग्रहालयात काम करत असताना जनगढांचा अकाली मृत्यू झाला. घरापासून इतक्या दूर, परक्या संस्थेसाठी राबणाऱ्या कलावंताची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न त्या मृत्यूने सगळ्यांपुढे टाकला.

महाराष्ट्राला हा सारा प्रश्न वारली चित्रांमुळे जवळचा आहे. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात विधीच्या बाहेर, कागदावर आणि कापडावर, शेते, मासेमारी आणि तारप्याचा नाच रंगवला. चौक मात्र लग्नघरातच राहिला, सवाशिणींच्या हाती. विधी आणि कला एकमेकांना न संपवता शेजारी नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. पालघट छापलेल्या पिशव्या आणि चादरी निघतात तेव्हा ही सीमा पुसली जाते, आणि ती पुसणारा बहुधा वारली नसतो.

प्रादेशिक कलाकेंद्राचे महत्त्व इथेच आहे. दिल्ली, पॅरिस किंवा टोकियोतल्या दालनात पाड्यावरचा बडवा येऊन ‘हे इथे काढू नका’ असे सांगू शकत नाही. भोपाळमध्ये निदान त्याचे भाईबंद येऊ शकतात आणि चित्रकार संध्याकाळी आपल्या माणसांत परतू शकतो. ही जवळीक वापरली नाही, तर जिल्ह्याच्या गावचे दालनही परदेशी संग्रहालयाइतकेच दूरचे ठरते. म्हणून केंद्र चालवणाऱ्यांनी विधीतले काय दाखवायचे आणि काय नाही हे त्या समाजाला विचारून ठरवावे, चित्राखाली जमातीचे नव्हे तर चित्रकाराचे नाव लिहावे आणि विक्रीचा पैसा त्याच्या हाती पोहोचवावा. देव बोलावण्याचा अधिकार केंद्राचा नाही.