मनाची ग्वाही आणि हबलचा आरसा

‘माझे मन मला खात नाही’ हे वाक्य आपल्याकडे शेवटचा निवाडा म्हणून उच्चारले जाते. ते उच्चारल्यावर समोरच्याने गप्प बसावे अशी अपेक्षा असते, आणि बहुधा तो बसतोही. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत सदसद्विवेकबुद्धीला फार मोठा मान आहे. तेव्हा हा आदर अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु न खाणारे मन आणि निर्दोष मन ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून ह्या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. मला मात्र त्याचे सर्वांत बोलके उदाहरण खगोलशास्त्राच्या इतिहासात आढळते. ते म्हणजे हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा.

२४ एप्रिल १९९० रोजी ‘डिस्कव्हरी’ यानातून ही दुर्बीण अवकाशात नेण्यात आली. पृथ्वीवरच्या दुर्बिणीला वातावरणाच्या थरांतून पाहावे लागते. तापलेल्या रस्त्यापलीकडचे झाड हलताना दिसावे तसे तारे तिला थरथरताना दिसतात. वातावरणाच्या वर गेल्यावर ही अडचण उरत नाही. संशोधकांनी कित्येक वर्षे ह्या दुर्बिणीची वाट पाहिली होती. पण तिने पाठविलेल्या छायाचित्रांत प्रत्येक ताऱ्याभोवती एक धूसर वलय दिसू लागले. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश एका बारीक बिंदूत एकवटावा अशी योजना होती. प्रत्यक्षात १५ टक्क्यांच्या आसपासच एकवटत होता. २७ जून १९९० रोजी ‘नासा’ने हा दोष जाहीर केला. २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाचा आकारच चुकला होता. कडेजवळ तो हवा त्यापेक्षा सुमारे दोन मायक्रॉनने अधिक सपाट होता. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. आणि गंमत अशी की, आरसा अत्यंत गुळगुळीत व काटेकोर घासलेला होता. चुकीच्या आकाराला, पण काटेकोर.

हे कसे घडले? आरसा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ‘पर्किन-एल्मर’ कंपनीने घासला. काम १९८१ मध्ये पूर्ण झाले. घासताना आकार तपासण्यासाठी ‘नल करेक्टर’ नावाचे एक उपकरण खास बनविले होते. त्यातून प्रकाश आरशावर सोडला की प्रकाश-अंधाराच्या पट्ट्या दिसत; त्या हव्या तशा सरळ दिसेपर्यंत घासत राहावयाचे. त्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. भिंगाचे अंतर मोजणाऱ्या दांडीच्या टोकावर एक टोपण होते आणि त्याला प्रकाश परतवू नये असा रंग दिलेला होता. तो रंग एका ठिकाणी उडाला होता. मोजणीचा किरण दांडीच्या टोकाऐवजी टोपणावरच आपटून परतला, आणि त्या मापाने भिंग बसविण्यात आले. माप जुळेना, कारण उपकरणात तेवढी जागाच नव्हती. तेव्हा वॉशर घालून ते जुळविण्यात आले! वस्तूच नाही म्हणत असताना माणसाने वॉशर शोधावा, ह्यात आपल्या सर्वांच्या ओळखीचे काहीतरी आहे.

पण माझ्या दृष्टीने कहाणीचा गाभा ह्याच्या पुढे आहे. १९९० मध्ये ल्यू ॲलन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिला असे आढळले की, त्याच काळात आणखी दोन उपकरणांनी तपासण्या झाल्या होत्या आणि दोहोंनीही दोष दाखविला होता. त्यांची साक्ष फेटाळण्यात आली. का? ती उपकरणे मुख्य उपकरणाइतकी सूक्ष्म नव्हती म्हणून. मुख्य उपकरण सर्वांत अचूक, तेव्हा बाकीची चुकली असणार, असा तो युक्तिवाद. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते उपकरण खरोखरच अधिक सूक्ष्म होते. एकाच उत्तराकडे ते पुनःपुन्हा, तिळमात्र फरक न करता नेत होते. फक्त ते उत्तर खोटे होते.

आपल्या विवेकबुद्धीचेही असेच होऊ शकते. ती डळमळत नाही, पुनःपुन्हा तोच कौल देते, आणि ह्या स्थैर्यालाच आपण सत्य समजून बसतो. स्तेफनाला दगडमार होत असताना शौल तेथे उभा होता आणि त्याचे मन त्याला खात नव्हते. तोच पुढे पौल झाल्यावर करिंथकरांना लिहिताना स्वतःच्या स्वच्छ मनाला अंतिम न्यायाधीश मानावयास नकार देतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याचा कठोर उलगडा केला आहे: चुकलेल्या विवेकबुद्धीविरुद्ध वागणे हे पापच, पण तिच्यानुसार वागलो एवढ्याने सुटका होतेच असे नाही, ते अज्ञान आपल्याच हयगयीतून आले असेल तर दोष आपला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही हीच शिकवण आहे.

हयगय म्हणजे तरी काय? आरशाची कथा ह्याचे नेमके उत्तर देते: आपण ज्यांना कमी प्रतीचे मानतो त्यांची साक्ष न ऐकणे. हिस्पॅनिओला बेटावर १५११ च्या आगमनकाळात आंतोनिओ दे मोंतेसिनोस ह्या डोमिनिकन धर्मगुरूंनी मूळ रहिवाशांवरील जुलमाबद्दल स्पॅनिश वसाहतवाल्यांना व्यासपीठावरून फटकारले, तेव्हा ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप झाला नाही, संताप आला. ही नियमित मिस्सा ऐकणारी माणसे होती. बार्तोलोमे दे लास कासास ह्यांनीही, स्वतः धर्मगुरू असताना, १५१४ पर्यंत आपल्या ताब्यातील मूळ रहिवासी सोडले नव्हते. राबणारे लोक रोज डोळ्यांसमोर मरत होते. ती साक्ष कोणी मोजलीच नव्हती.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या घरात नव्या सुनेचे गप्प होणे, वाडीत राबणाऱ्या मजुराने हिशेबाच्या वेळी खाली पाहणे, लहान मुलाने बाप घरात शिरताच खोली सोडणे, ही सगळी उपकरणे ढोबळच आहेत. त्यांना बोलता येत नाही, युक्तिवाद तर मुळीच येत नाही. घरातला सुशिक्षित, धर्मनिष्ठ, रोजची रोझरी न चुकविणारा माणूस त्यांच्यापेक्षा अधिक ‘अचूक’ असतो. म्हणूनच तर त्यांचे म्हणणे ‘तिचा स्वभावच तसा’ ह्या एका वाक्यात निकालात निघते.

येथे एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक कुरकुरीसरशी मनाचा कौल संशयास्पद मानू लागलो तर माणूस वागणार कसा? संत इग्नेशियस लोयोला ह्यांना मानरेसा येथे अशा अतिशंकेने किती छळले, हे त्यांच्या चरित्रावरून ठाऊक आहे. तो काही आदर्श नव्हे. मला वाटते, पवित्र शास्त्रातील दोन-तीन साक्षीदारांचा नियम येथे उपयोगी पडावा. एक उपकरण वेगळे बोलले तर ते बिघडले असेल. पण एकमेकांशी संबंध नसलेली दोन उपकरणे एकाच दोषाकडे बोट दाखवीत असतील, तर ती ढोबळ आहेत ही सबब पुरत नाही. सून आणि मजूर एकमेकांशी संगनमत करीत नसतात.

दोष सापडल्यावरचा भाग मला तितकाच विचार करण्याजोगा वाटतो. आरसा खाली आणणे व्यवहार्य नव्हते. पण चूक इतक्या काटेकोरपणे केलेली होती की, तिचे मापही काटेकोर काढता आले. आणि ते निघाल्यावर नेमका उलटा दोष असलेले आरसे बनविता आले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने गंभीर पापे प्रकार आणि संख्या सांगून कबूल करण्याचा आग्रह धरला, तो कित्येकांना हिशेबी वाटतो. ‘माझे काही चुकले असेल तर’ ह्या मोघम कबुलीने भिंग तयार होत नाही, एवढेच त्याबद्दल म्हणतो.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातील अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून दुरुस्ती केली. नवा कॅमेरा बसविला, आणि नाण्याएवढ्या आरशांची ‘कोस्टार’ ही जुळणी बसविण्यासाठी दुर्बिणीतील एक उपकरण कायमचे काढून टाकले. दोष त्या उपकरणाचा नव्हता. जागा मात्र त्याची गेली. एकाच्या चुकीची भरपाई दुसऱ्याच्या वाट्याला येते, हे कुटुंबवत्सल वाचकांना वेगळे सांगावयास नको. २००९ मध्ये ‘कोस्टार’ही परत आणले गेले, कारण तोवर बसविलेल्या सर्व नव्या उपकरणांत ती दुरुस्ती आधीच अंतर्भूत होती. मूळ आरसा कोणी बदलला नाही. कडेजवळ दोन मायक्रॉनने सपाट असलेल्या त्याच आरशाने डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षींतील एका जवळजवळ रिकाम्या भासणाऱ्या ठिपक्याकडे दहा दिवस पाहिले, आणि तेथे सुमारे ३००० दीर्घिका आढळल्या.