हौसेचं झाड आणि पिठ्या ढेकूण

(काकांची हयात नाशिककडच्या द्राक्षबागांना सल्ला देण्यात गेली. मी पुण्यातल्या एका बाल्कनीत इचेव्हेरिया, जेड, हॉवर्थिया अशी जाड पानांची झाडं ठेवते. प्रश्न माझा होता, त्यामुळे शेवटचा शब्दही आपलाच असेल असं मी धरून चालले होते.)

मी : पानांच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी पांढरं दिसतंय. बुरशी असेल का?

काका : काडीनं टोकर. बुरशी असली तर नुसती पुसली जाईल. चिरडल्यावर पिवळट ओल आली, तर पिठ्या ढेकूण. पान हाताला चिकट लागतं?

मी : लागतं. मुंग्याही चढतात.

काका : मग विचारतेस काय! तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पुढे त्यावरच काळी काजळी चढते. एक झाड कुंडीतून उपटून मुळंही बघ. तिथे पांढरी पूड असेल, तर वरून पुसण्यात अर्थ नाही. मुळं धुवायची, माती फेकायची, कुंडी घासून घ्यायची.

मी : उपाय मला माहीत आहेत. स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड, साबणाचं पाणी, निंबोळी तेल. इचेव्हेरियाला तेल लावलं की पानावरची राखाडी पावडर जाते आणि त्या पानावर ती परत येत नाही, हेही माहीत आहे. अडचण निराळी आहे. एकेक मादी त्या कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. नर्सरीत सहज मिळणारं एक झाड वाचवायला मी किती जीव मारायचे?

काका : द्राक्षात हे मला कुणी विचारलं नाही.

मी : कारण तिथे पोटाचा प्रश्न असतो. इथे नुसती हौस.

काका : द्राक्षानं कुणाचं पोट भरतं? नाशिकचा घड युरोपातल्या दुकानात जातो. तीही खाणाऱ्याची हौसच. फरक एवढाच, की त्या हौसेवर इथल्या कुणाचं तरी कर्ज फिटतं.

मी : तो फरक लहान नाही. घडात पांढरं दिसलं तर माल परत येतो, शेतकऱ्याला दुसरा रस्ता नसतो. मला आहे. मी झाड टाकून देऊ शकते.

काका : टाक की.

मी : पिशवीत बांधून कचऱ्यात? म्हणजे झाडही मरेल आणि ढेकूणही.

काका : मग तुला मारण्याचा त्रास नाही. बघण्याचा आहे.

(हे मला लागलं. रोज सकाळी भिंगाखाली पानं बघणाऱ्या माणसाला हे सांगावं? पण भिंगाखालीच तो ढेकूण इतका ढेकूण राहत नाही. कडेला मेणाची झालर असते आणि तिच्याखाली पाय हळूहळू हलत असतात. नराला तर पंख फुटल्यावर तोंडच नसतं. दोन-चार दिवस जगतो, मादी शोधतो, संपतो.)

मी : बघण्याचा त्रास म्हणजे काहीच नाही का? हातानं एकेक टिपणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते कळतं.

काका : कळून ढेकणाला काय फायदा?

मी : फायदा ढेकणाचा नाही, हाताला थांबता येतं हा आहे. मुळाशी टाकायचं औषध थांबत नाही. इमिडाक्लोप्रिड मुळातून रसात उतरतं. जेडला फुलं आली तर त्यांच्या मधात उतरतं, आणि मधमाशीला कुठे माहीत की कुंडी माझी आहे. युरोपीय संघानं 2018 मध्ये उघड्यावर ते वापरायला बंदी घातली ती काय हौसेनं?

काका : मान्य. विषाचं मला सांगू नकोस. 2017 साली यवतमाळला कपाशीवर फवारताना माणसं दगावली. पण बघ, तू विषाचा मुद्दा जिंकलीस आणि जिवाचा सोडून दिलास.

मी : सोडला नाही. म्हणूनच भुंगेरा आणायचं म्हणतेय. क्रिप्टोलीमस.

काका : ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा. 1898 पासून या देशात आहे, आमच्या बागांत मुठीनं सोडायचे. आणि नवखा शेतकरी त्याच्याच अळ्या चिरडायचा, कारण त्या अंगावर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरतात, थोराड पिठ्या ढेकणासारख्या. पण तू मारायचं काम कंत्राटावर देतेस, एवढंच.

मी : तो त्याचा आहार आहे. मी सांगितलं म्हणून खात नाही तो.

काका : आणि तुझ्या पंधरा कुंड्यांवरचे ढेकूण संपल्यावर? बाग असती तर पुढच्या वेलीवर गेला असता. तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून कुठे जाईल?

याला मला उत्तर सुचलं नाही. मी विषय बदलला, असं काकांचं म्हणणं. माझ्या मते मुद्दा तोच होता.

मी : निवडुंगाचं काय मग? तिथे तर किडीला आपण आवतण दिलं.

काका : 1795 मध्ये. कंपनीच्या लोकांना लाल रंगाचा कोचिनील हवा होता, ब्राझीलहून किडा कलकत्त्याला आणला. निघाला रंगाला हलका भाऊबंद. रंग राहिला बाजूला, त्यानं निवडुंगाची एक जात मात्र फस्त करून टाकली. म्हणून पुढे 1926 मध्ये सिलोनहून त्या किड्याची दुसरी जात मुद्दाम आणून फड्या निवडुंगावर सोडली. तोही तसाच कापूस पांघरतो, चिरडला की बोट लाल होतं.

मी : आणि तो माझ्या शेल्फवरच्या शोभेच्या निवडुंगावर बसला तर?

काका : तर शत्रूकीड. रानात मित्रकीड.

मी : म्हणजे कीड कोण ते आपण ठरवतो.

काका : ठरवतो म्हणून खोटं होत नाही. गायरान काट्यांनी भरलं की गुरांनी काय खायचं? तुझ्या शेल्फवर गुरं चरत नाहीत, म्हणून तुला हा विचार परवडतो.

मी : परवडतो म्हणून तो चुकीचा ठरत नाही, हेही तसंच.

काका : बरं. भुंगेरा आणणार असशील तर आधी मुंग्या थांबव. राखणीला मुंग्या असल्या की त्या भुंगेऱ्याला टिकू देत नाहीत. पूर्वी फडताळाचे पाय ठेवायचो तसे स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव.

मी : त्या पाण्यात डास होतील.

काका : होतील. थेंबभर तेल टाकायचं.

मी : मग डासांच्या अळ्या गुदमरून मरतील.

काका : मरतील.

मी : पाणी रोज बदलेन.

काका : आणि जुनं कुठे ओतशील?